डिशला बांधलेली सुतळी

आमच्या गावात मोबाईलचे दोनच उपयोग. टॉर्च लावायची आणि आधीच भरून आणलेली गाणी वाजवायची. खर्ड्याहून येणारा रस्ता माथ्यावरच्या एका वळणावरून खाली खोलगटात उतरतो, आणि रेंज त्या वळणावरच राहते. मी लग्न होऊन आले तेव्हा सासरच्यांनी जमीन किती, म्हशी किती, विहिरीचं पाणी कुठपर्यंत पुरतं, सगळं सांगितलं होतं. आईशी चार शब्द बोलायला डोंगर चढावा लागेल, हे मात्र कुणाच्या तोंडून निघालं नाही. नंतर विचारलं तर म्हणाले, “टावर येनार हाय की.” टॉवर अजून येतोच आहे.

मी भांडखोर आहे, हे आधीच सांगते. गावात कुणालाही विचारलंत तरी हेच ऐकायला मिळेल. पण या घरात मी जेवढी भांडले, त्यातलं निम्म्याहून जास्त माझ्या नणंदेसाठी भांडले, आणि त्याचा उपयोग काय झाला तेच सांगायला बसले आहे.

माझी नणंद जन्मापासून बहिरी. गाव तिला मुकी म्हणतं, तेही तिच्यासमोर, तिला कळत नाही असं समजून. लहानपणीच तिला नगरला मूकबधिरांच्या शाळेत घातलं. वसतिगृहात ती हातांची भाषा शिकली आणि पुढे तिथंच एका कंपनीत पॅकिंगला लागली. तिच्यासारख्याच मुलींबरोबर एका खोलीत राहायची. मी एकदा त्या खोलीवर गेले होते. आवाज कसला नव्हता, पण एवढी बडबडी खोली मी आजपर्यंत दुसरी पाहिलेली नाही. मग कंपनी बंद पडली, एकेकीचं लग्न झालं, आणि तिशी उलटलेली माझी नणंद बॅग घेऊन घरी आली.

घरात तिच्याशी बोलायला आमच्याकडे जेमतेम दहा-बारा खुणा होत्या. जेव, ये, पाणी, म्हैस, झाडू, गप बस. एवढ्यात तर माणूस जनावराशीही बोलतो. लिहून सांगावं तर तिचं मराठी तुटक. तिची खरी भाषा हातांची, आणि ती कळणारी माणसं सगळी दूर गेलेली. पहिले काही महिने ती मोबाईल घेऊन वळणावर जायची, उन्हात उभी राहून मैत्रिणींना व्हिडिओ लावायची. आपल्याला रेंज कमी असली तरी हॅलो हॅलो करत काहीतरी पोचतं. तिचं तसं नाही, चित्र अडकलं की वाक्यच अडकलं. त्यात सासूबाईंच्या कानावर आलं की पोरगी रस्त्यात उभी राहून हातवारे करते म्हणून लोक हसतात. तेही बंद झालं.

मग ती वाळायला लागली. ताटात वाढलेलं तसंच राहायचं. बोलावलं तर यायची, सांगितलेलं काम करायची आणि भिंतीकडे तोंड करून बसायची. एकदा मी गोठ्यात गेले तर ती म्हशीसमोर उभी राहून हातांनी बोलत होती. भराभर, लांबच लांब, मधेच थांबून, जणू समोरून उत्तर यायचंय. म्हैस रवंथ करत होती. मला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली. ही बाई आपल्या डोळ्यांदेखत संपते आहे, आणि आपण तिला भाकरी वाढतो आहोत.

डिश आली ती तिच्यासाठी नव्हे, दुधासाठी. आमचे हे गावातलं दूध संकलन केंद्र चालवतात. डेअरीनं सांगितलं, यापुढे फॅट आणि लिटरच्या नोंदी रोजच्या रोज ऑनलाईन पाठवायच्या. वायर इथवर येत नाही, टॉवर नाही, मग उरलं आकाश. उपग्रहावरून इंटरनेट देणारी डिश बसवायचं ठरलं. मी त्याच दिवशी ह्यांना सांगून टाकलं, सकाळ-संध्याकाळ दूध झालं की बाकीचा वेळ लाईन ताईची. हे म्हणाले, “बघू.” मी म्हटलं, “बघू नाही, ठरलं.” दोन दिवस घरात कुणी कुणाशी बोललं नाही, आणि ठरलं.

आमच्या आळीत स्लॅबचं घर एकट्या आमचंच, बाकी सगळे पत्रे. डिश स्लॅबवर बसली. बसवणाऱ्यानं कितीतरी वेळ मीटर लावून तिचं तोंड दक्षिणेकडे एका जागी पक्कं केलं आणि आम्हा सगळ्यांना उभं करून बजावलं, उपग्रह तिकडं एका ठिकाणी उभा आहे, डिश बोटभर जरी हलली तरी खेळ खलास. सासूबाईंनी मान डोलावली, डिशला हळदकुंकू वाहिलं आणि त्याला चहा दिला.

त्या लाईनवर बोलणं म्हणजे आमच्यासारख्यांची फजिती. आपलं बोलणं वर जाऊन खाली यायला जरा वेळ लागतो, तेवढ्यात समोरचा बोलायला लागतो, मग दोघंही थांबतात, मग दोघंही बोलतात. माझी आणि आईची तर त्यावर भांडणं झाली. पण नणंदेच्या मैत्रिणींना त्याचं काहीच वाटलं नाही. त्यांच्यात एकीचे हात चालू असले की दुसरी बघते, हात खाली आले की मग आपले उचलते. त्या बायका आमच्यापेक्षा शहाण्या आहेत असं मला वाटलं, आणि अजून वाटतं.

नणंद पुन्हा जेवायला लागली. हसायला लागली, आणि हसायला लागल्यावर कळलं की ती चांगलीच टवाळ आहे. सासूबाईंच्या चालण्याची नक्कल ती फक्त दोन बोटांनी करायची. मी तिच्याशेजारी बसून बघायचे, विचारायचे, ती शिकवायची. हळूहळू मला निम्मंशिम्मं कळायला लागलं. ह्यांना कधी आलं नाही, सासूबाईंनी तर प्रयत्नच केला नाही.

तिच्या मैत्रिणींच्या ओळखीतून तो आला. श्रीरामपूरचा, तिच्यासारखाच बहिरा, बॅनर छापायच्या दुकानात कॉम्प्युटरवर डिझाईन करणारा. आधी सगळ्यांत मिळून बोलायचे, मग दोघंच बोलायला लागले. तासन्‌तास. मी लांबून बघायचे. तिचा हात बोलता बोलता मधेच थांबून केसांकडे जायचा, तेव्हाच मी ओळखलं.

त्याचा बाप मात्र कडक. बापाला सून ऐकू येणारी पाहिजे होती. दारात कुणी हाक मारली तर ओ देणारी, फोन घेणारी. तशी एक मुलगी त्यांनी बघूनही ठेवली होती. पोरगा अडून बसला, मला जिच्याशी बोलता येईल तीच बायको पाहिजे. शेवटी बापानं तोडगा काढला. ह्यांना डिशच्या लाईनवर फोन करून म्हणाला, “पोरांचं मोबाईलवर हातवारं आमी धरत न्हाई. रविवारी सकाळी आमी चार मानसं बसतो, तुमी बसा. तुमच्या बहिनीनं आमच्याम्होरं हो म्हनावं. न्हाई म्हनली तर दुसरे पावने त्याच दिवशी येनारच हायेत, त्यांची सुपारी फोडू.” रागाचं बोलणं होतं, पण निदान सरळ होतं, आणि पोरगाही त्याला कबूल झाला.

नणंदेनं उत्तर लगेच दिलं नव्हतं. लग्नानंतर काम करू देतील का, आईचं कोण बघेल, असे तिचे शंभर प्रश्न. त्यानंही घाई केली नाही. शनिवारी संध्याकाळी धार काढताना तिनं मला हातानं खुणावलं, बादली बाजूला ठेवली आणि सांगितलं, माझं हो आहे. मी तिला मिठी मारली, दूध सांडलं. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता त्याला कळव. ती हसली. नाही, उद्या. बापासमोर सांगणार, आणि तेव्हा त्याचा चेहरा बघणार. मी दोनदा आग्रह केला. तिनं मला धारेला बसवलं आणि गेली.

मी ही गोष्ट ह्यांना सांगितली, ह्यांनी आईला. तिथून पुढं जे झालं ते आमच्याच घरात होऊ शकतं.

सासूबाईंनी गहू आधीच भिजत घातले होते. उन्हाळा होता, कुरडयांचे दिवस होते, मला काही वावगं वाटलं नाही. रविवारी उजाडताच आळीतल्या बायका सोऱ्ये घेऊन हजर. वाळवण दरवर्षी आमच्याच स्लॅबवर असतं, कारण दुसरीकडे स्लॅब नाही. मी खाली चुलीवर चीक शिजवत होते, तो घोटून घोटून हात भरून आला होता. ह्यांचं दूध झालं, नोंदी गेल्या, लाईन छान चालू होती. नणंदेनं अंघोळ केली, तिची ती आंब्याच्या रंगाची साडी नेसली, मोबाईल उशीला टेकवून ठेवला आणि आम्हा दोघांना दोन बाजूंना बसवलं.

वेळ झाली. तिनं फोन लावला. गोल फिरत राहिलं. पुन्हा लावला, पुन्हा फिरत राहिलं. ह्यांनी डिशचा खालचा डबा बंद करून चालू केला. हिरवा दिवा लागायचा तिथं तांबडा लागला.

मी धावत वर गेले. स्लॅबभर साड्या अंथरलेल्या, त्यावर कुरडया. पांढऱ्या, आणि त्यांच्या पलीकडे गुलाबी, हिरव्या, पिवळ्या. रंगीत कुरडया रोजच्या खाण्याला कुणी करत नाही. त्या रुखवतात मांडायला करतात. पोरीनं अजून तोंडावर होकार दिलेला नाही, आणि तिच्या लग्नाचं रुखवत आमच्या स्लॅबवर वाळत होतं. चिमण्या-कावळे येऊ नयेत म्हणून या टोकापासून त्या टोकापर्यंत सुतळी ओढली होती, तिला प्लॅस्टिकच्या चिंध्या बांधल्या होत्या. सुतळीचं एक टोक कठड्याच्या सळईला होतं, दुसरं डिशला. ताणून बांधलं होतं, चिंध्या वाऱ्यावर फडफडत होत्या, आणि डिशचं तोंड दक्षिणेकडून जरासं कलून त्या सुतळीकडे बघत होतं.

मी किंचाळले. काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. सासूबाई उठून उभ्या राहिल्या, हात चिकानं भरलेले. म्हणाल्या, “आगं, येवढ्याशा सुतळीनं काय व्हतंय? खांब चांगला दनकट हाय.”

“त्यानं बजावलं होतं ना, बोटभर हलवायची नाही म्हणून!”

“मी कुटं हालीवली? मी नुसती बांधली.”

ह्यांनी सुतळी कापली. डिश जिथं कलली होती तिथंच राहिली. ह्यांनी हातानं सरळ करायला घेतली, मी जिन्याच्या तोंडाशी उभी राहून खालच्या दिव्याकडे बघत ओरडत होते, थोडं इकडं, थोडं तिकडं. दिवा तांबडाच. मीटरशिवाय आकाशात एक ठिपका शोधणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. बायका कुरडया घालायच्या थांबल्या होत्या, चीक गार होत होता, आणि त्याचीही त्यांना चिंता होती, हे मला दिसत होतं. नणंद जिन्यात उभी होती. तिनं सुतळी पाहिली, गुलाबी कुरडया पाहिल्या, आईकडे पाहिलं. तिला कुणी काही सांगायची गरज पडली नाही.

आम्ही तिघं एका मोटारसायकलवर बसलो. हे पुढं, मधे नणंद, मागं मी. वळणावर पोचलो तर रेंजची एकच काडी. नणंदेनं व्हिडिओ लावला, त्याचा चेहराही उमटेना. ह्यांनी त्याच्या बापाला साधा फोन लावला. मी कान लावून ऐकत होते.

“मामा, लाईन बंद पडली हो. पन ती तयार हाय. मी भाऊ सांगतोय, तिचं हो हाय.”

“आवो, तुमच्या सांगन्यावर आसतं तर कवाच झालं आसतं. तिनं सांगायचं ठरलं हुतं.”

“खर्ड्याला जातो, तिथनं व्हिडिओ लावतो. थोडं थांबा. पाया पडतो तुमच्या.”

“पावने दारात आल्यात. आता त्यांना काय रस्त्यावर उभं करू? बघू, लावा तुमी.”

फोन ठेवला. त्या “बघू”मध्ये काय होतं ते मला ऐकू आलं. माझे हे साधे आहेत, त्यांना वाटलं तो थांबेल. त्यांनी गाडी अशी पळवली की दोनदा मी पडता पडता वाचले. मी देवाला, डेअरीला, सरकारला, सासूबाईंना शिव्या देत होते. नणंद माझ्या पुढं ताठ बसली होती. तिच्या पाठीला माझं कपाळ लागलं होतं, आणि तिनं मोबाईल दोन्ही हातांनी धरला होता.

खर्ड्यात स्टँडवर आलो. रेंज भरपूर. इथं सगळ्यांना असते, पानटपरीवाल्यालासुद्धा. तिनं व्हिडिओ लावला. घंटी गेली, त्यानं घेतला नाही. पुन्हा लावला. नाही. ह्यांनी बापाला लावला, बंद. एसटी आली, माणसं उतरली, चढली, एसटी गेली. एक म्हातारा आमच्याकडे बघून विचारत होता, कुणी गेलं का. मी त्याला काहीतरी वाईट बोलले. ऊन डोक्यावर येत चाललं, ती स्टँडच्या भिंतीच्या सावलीत उभी, दर थोड्या वेळानं लावायची, वाट बघायची, पुन्हा लावायची. मी मनात म्हणत होते, उचल रे बाबा, एकदाच उचल. आयुष्यात मी कुणाकडं इतकं काकुळतीनं काही मागितलेलं नाही.

मग त्याचाच फोन आला.

तो घराबाहेर गल्लीत उभा होता, पाठीमागं कुणाचा तरी टेम्पो. डोक्यावर नवी कोरी टोपी, खांद्यावर टॉवेल. आणि कपाळावर ओल्या कुंकवाचा टिळा, त्यावर तांदळाचे दाणे चिकटलेले. त्यानं हात उचलायच्या आधी आम्हाला सगळं कळलं होतं.

त्यानं विचारलं, कुठं होतीस? मी किती वेळ लावत होतो. बापानं मोबाईल काढून घेतला होता, सुपारी फुटल्यावर परत दिला. घाईत त्याच्या खुणा नीट होत नव्हत्या. मग त्यानं विचारलं, तुझं उत्तर काय होतं? बापानं त्याला ह्यांच्या फोनचं काही सांगितलंच नव्हतं.

तिनं पदर सारखा केला. चेहरा शांत. मग तिनं मोबाईल माझ्या हातात दिला, मी तो तिच्यासमोर धरावा म्हणून, आणि दोन्ही हातांनी सावकाश, एकेक खूण स्वच्छ करत सांगितलं: लाईन चांगली होती. मीच लावला नाही. माझं उत्तर नाही होतं.

मला राहवलं नाही. मी एक हात मोकळा करून खोटं म्हणून सांगायला गेले. तिनं माझं मनगट धरलं. हातांनी बोलणाऱ्यांत मनगट धरणं म्हणजे तोंडावर हात ठेवणं. असं धरलं की हाड दुखलं, आणि तिकडं तोंडावर हसू आणलं होतं. मग त्यानं मान हलवली, हात जोडले, आणि पडद्यावर आमचंच प्रतिबिंब राहिलं.

हे दूर उभे होते. त्यांना खुणांतलं काही कळलं नव्हतं, विचारत होते, “काय म्हनला? काय म्हनला गं?” मी नणंदेला हलवलं, दोन्ही खांदे धरून, माझे हात तिच्याइतके सरावलेले नाहीत तरी जमेल तसं विचारलं, का? का असं सांगितलंस? तिच्या डोळ्यांतून आता पाणी वाहत होतं, टिपायचंही तिला सुचत नव्हतं. तिनं माझ्याकडे बघितलं, बोट त्या बंद मोबाईलकडे केलं, मग दोन्ही तळहात जोडून गालाखाली धरले आणि डोळे मिटले.

त्याला झोप लागायला पाहिजे.